बेंबीवरचं माप

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला, धंदा शिंपीकाम, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, माझं सगळं फिरलं ते शनिवारी सव्वाअकराला, तिच्या वडिलांच्या बेंबीवर टेप ठेवला तेव्हा.

कोट हवा होता. तिच्या लग्नासाठी, नवरा मी नव्हे. ते म्हणाले, "तुझ्याच हातून शिवून घेणार, म्हणजे ती तुझी नाही हे डोक्यात शिरेल. पॅन्ट मापू नकोस, पंधरा वर्षं छत्तीसच आहे." पट्टा पोटाखाली बांधला की छत्तीस राहतंच. पोटावरून टेप फिरवला: सेहेचाळीस. तीन पायऱ्या चढून आलेला माणूस अजून धापा टाकत होता. जाताना म्हणाले, "घराच्या दारात दिसलास तर तंगडं मोडीन."

कलम एक. मशीन आणि कात्री आईला.

कलम दोन. बाबांची मापांची वही त्यांच्या डॉक्टरांना. बाबा गेले तेव्हा तेच म्हणाले होते, "पॅन्टचा नंबर फसवतो रे. बेंबीवरचा घेर वाढला की हृदयाचा धोका वाढतो." शनिवारी वही उघडली. गेलेल्या गिऱ्हाइकांच्या नावांवर बाबांनी रेघ मारलेली. पॅन्ट तीच, कोटाचं पोट एकोणचाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस, मग रेघ. सगळेच तसे नाहीत, पण अंगावर काटा यावा इतके. शेवटी बाबांचं माप, त्यांच्याच अक्षरात. ती रेघ मी मारलेली. साठ इंचांची ही पट्टी आत धडधडणाऱ्या जिवापर्यंत पोहोचते, आणि आम्ही बापलेक तिच्यावर नुसते कोट बेतत बसलो!

कलम तीन. ज्यांच्याशी उलट बोलून कॉलेज सुटलं, त्या प्राचार्यांना काहीही नाही.

कलम चार. तिचा निळा पेन तिला परत. हे त्या पेनानेच लिहिलंय.

कलम पाच. कोटाची बटणं दुकानातल्या मावशीने कच्चीच लावावीत. पोट उतरलं की सरकवता येतील.

क्षणभर वाटलं होतं, तिच्या वडिलांना सांगूच नये. तेही लिहून ठेवतो. मृत्युपत्रात लपवाछपवी नको. आता त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे. मला उलट बोलायची खोड आहे. आज त्यांनी मारलं तरी आवाज चढवणार नाही. त्या छातीवर माझं भांडण नको.

साक्षीदार: काजं करणारी मावशी ("दोन गल्ल्या पलीकडे चाललायस, मेल्या, लढाईवर नाही. सही कुठे करू?"), शेजारचा इस्त्रीवाला.

स्थळ: कापायचं टेबल. मंगळवार, चौदा तारीख, सकाळचे नऊ.

सही केली. टेप खिशात, डॉक्टरांचा पत्ता वरच्या खिशात. निघालो, दार ओढून घेतो.