क्वार्ट्झची वाटी

मंगळवार, दिवेलागण

दुपारी मंदार, माझा धाकटा भाऊ, माझ्या काचकामाच्या वर्कशॉपवर क्वार्ट्झची वाटी घेऊन आला. कड तडकलेली, तळाला तपकिरी चिकटा. वाटी मीच करून दिलेली. "ताई, गॅसच्या टॉर्चने लालबुंद तापवलं तर काय टिकेल?" एवढंच त्याने तेव्हा विचारलं होतं. मी तोऱ्यात म्हटलं, "काच फुटेल. क्वार्ट्झच घे." कशासाठी, ते विचारलंच नाही. मला मेलीला फक्त तापमान कळतं!

आज कड सांधण्याआधी सवयीने चिकटा जाळला, तर गांजाचा भपकारा आला. म्हणजे तापल्या वाटीत गांजाचा अर्क टाकून त्याचा धूर ओढायचा, त्यासाठी होती ती. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन. "ताई, हे काहीतरी ओढतात. तुम्हाला काही सापडलं का?"

वाटी हातातच होती, लख्ख.

"नाही गं," म्हटलं. का म्हटलं? उद्या तो वाटी न्यायला येणार, आणि कड तर मी सांधूनही ठेवलीय.