देबोदच्या देवळाभोवतीचं न वाहणारं पाणी

माद्रिद

धाकट्या बहिणीला, शायेला, थोरल्या दहिबाचा सलाम आणि गालाला एक चिमटा. तुझे गुडघे, तुझी शेळी आणि तुझा नवरा, तिघांची खुशाली याच क्रमाने कळव. मी बरी आहे. म्हणजे दिवसातून वीसदा खिडकीशी जाते, बसते, पुन्हा उठते. पत्र नात नब्रा लिहिते आहे; मी बोलते, ती सुधारते, तेव्हा कुठे शहाणपणा दिसला तर तो तिचा.

नब्राला मुलगी झाली. सातवा दिवस उजाडला तरी पोरीला नदी दाखवायचं कुणाच्या मनातच नाही! पोरीचं तोंड धुऊन लापशीचे सात घास नदीत सोडले नाहीत, तर नदीखालची माणसं तिला आपली म्हणून ओळखणार कशी? माझा खलील म्हणतो, "अम्मा, नळाचं पाणीही पाणीच." (याला मी सातव्या दिवशी स्वतः नाईलवर नेलं होतं. जरा जास्त बुडवायला हवं होतं.)

मग मला आपलं देबोदचं देऊळ आठवलं. नाईलवर धरण झालं, गाव बुडालं, तेव्हा आपल्याला आगगाडीत कोंबलं, देवळाचे दगड मात्र नंबर घालून, पेट्यांत भरून इथे आणले. आता ते इथल्या टेकडीवर आहे, भोवती घोटाभर पाणी. आपण जिथे शेळ्या बांधायचो तिथे लोक रांग लावतात. (आपल्या शेळ्यांनी कधी लावली नाही.)

नब्रा, पोर, लापशीचं भांडं आणि मी, असे गेलो. पोरीचं तोंड ओलं केलं. तिसरा घास सोडला तोच रखवालदार धावत आला. "आजीबाई, पाखरांना इथे खायला घालायचं नाही!" मी म्हटलं, "पाखरं कुठली रे? हे देऊळ माझ्या गावचं. इथला पाहुणा तू." नब्राने त्याला यातलं निम्मंच सांगितलं असावं, कारण तो हसला आणि पाठ फिरवून ढग बघत उभा राहिला. तेवढ्यात उरलेले चार सोडले.

पण शाये, घास गेलेच नाहीत गं. नदी कशी घेऊन जाते! हे पाणी जागचं हलेना. सातही घास तळाशी बसून राहिले, माझ्यासारखे. शेवटी रखवालदारानेच जाळीने काढून भांड्यात परत दिले. परत आलेला घास म्हणजे नदीखालच्यांनी पोरीला आपलं म्हटलं नाही, हे तुला सांगायला नको. तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

घरातल्या लहानथोरांना दुवा.
दहिबा (अंगठा)

ता. क. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नदीवर जायचं असतं. तू फोन करून नब्राला दरडावून सांग, की या खेपेला खरी नाईलच हवी आणि सोबत आजीही. मी सांगितलं तर म्हणतात, म्हातारीला घर आठवतंय.

ता. क. दुसरा. हे मी सांगितलंय ते नब्राला कळू देऊ नकोस. (तिची लेखणी थांबली आहे. विचारते, "आजी, तुझा पासपोर्ट कुठे आहे?" उशीखाली. पोरीच्या जन्माआधीपासून.)