एका डोळ्याचा यहूदा

प्रिय वीसा,

काल दुपारी उस्तादांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी पाटी माझ्यासमोर ठेवली आणि दोरा तोडला. त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. त्या पाटीवर काय होतं ते सांगतो, पण आधी मला जे खरं वाटत होतं तेच सांगू दे. नाहीतर मी जे केलं ते का केलं, हे तुला कळायचं नाही. आणि हे तुला उद्या सकाळच्या आत कळायला हवं. उद्या पवित्र गुरुवार. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या नावाने चर्चमध्ये मिरवणूक नेहमीच्या उलट दिशेने फिरेल, तू पुढे झांजा घेऊन त्याच्या धिक्काराचं गाणं म्हणशील, आणि नव्या चित्रासमोर येऊन थांबशील. त्याआधी हे वाच.

तुला प्रिय लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? तीन महिने मी तुला मनातल्या मनात दुसऱ्याच नावाने हाक मारतोय. मनातल्या मनात तरी कुठे? घाटावरच्या कॉफीखान्यात, भर गर्दीत, तुझी गचांडी धरून मोठ्याने मारली ती हाक. तेव्हापासून बाजारातली पोरं तुला यहूदा म्हणतात, आणि तुझी आई रोटी आणायला आमच्या गल्लीतून येत नाही. तू काय म्हणालास आठवतंय? "कीरो, घरी जा, पाणी पी." बस्स एवढंच. शपथ घेतली नाहीस, शिवी दिली नाहीस. मी म्हटलं, बघा, चोर कसा गप्प आहे!

माझा हिशोब सरळ होता. मी आणि इरीनी तिच्या चुलत्याच्या शेतातल्या कबुतरांच्या मनोऱ्यामागे भेटायचो, हे जगात तिघांनाच माहीत. मी, ती आणि तू. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या आधी तिचे वडील, लबीबकाका, कापडाच्या दुकानातून थेट आमच्या चित्रांच्या कारखान्यात आले, गजपट्टी हातातच. उस्तादांदेखत म्हणाले, "अरे रंगाऱ्या, त्या मनोऱ्याच्या सावलीला पुन्हा दिसलास, तर कबुतरांबरोबर तुलाही उडवीन." मनोऱ्याच्या! ती सांगणार नाही. मी सांगितलं नाही. उरलं कोण? वर आदल्याच दिवशी मी तुला लबीबकाकांच्या घरातून हात पुसत बाहेर पडताना पाहिलं होतं. तू म्हणालास, पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. थंडीत पंखा? मला तर पटलं नाही. आता तिचं अस्यूतच्या औषधवाल्याशी ठरलंय. ईस्टर झाला की साखरपुडा. जिच्यासाठी मिन्या शहरातलं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून आलो, ती आता खिडकीची झडपसुद्धा उघडत नाही.

अशा डोक्याने मी शेवटच्या भोजनाच्या चित्रावर काम करत होतो. तू उस्तादांचं काम लहानपणापासून पाहतोस, पण ते शिकवतात कसं, ते तुला माहीत नाही. चाळीस वर्षं तो एकच चेहरा काढून त्यांचा हात पक्का झालाय. म्हणतात, "येशूचे डोळे मोठे काढ, कान मोठे काढ, तोंड मात्र लहान. ज्याने एवढं पाहिलं आणि एवढं ऐकलं, तो बोलला किती कमी ते बघ." मी एकदा विचारलं, उस्ताद, हा धंद्याचा नियम झाला, तुम्हाला स्वतःला तो कसा वाटतो? ब्रश धुता धुता म्हणाले, "धंद्यात मला तो पाठ आहे. घरी गेलो की ओळख लागत नाही. त्या ताटावर यहूदा कोण हे त्याला ठाऊक होतं ना? मग अकरा जणांना का नाही सांगितलं? पीटरकडे तलवार होती, पोरा. नाव घेतलं असतं, तर तिथल्या तिथे मुडदा पडला असता. त्याने घास बुडवून दिला, आणि शेजारी बसलेल्यालाही कळलं नाही."

मला ते ऐकून राग आला. खरं सांगतो, मला त्या माणसाचा संशयच येतो. सगळं माहीत असून जेवायला बसवायचं, पाय धुवायचे, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ही दया, की समोरच्याला आयुष्यभर शरमेने मारायचा डाव? मी असतो तर टेबलच उलटं केलं असतं. उस्ताद हसले. "म्हणूनच तर तुला टेबलाचे पाय रंगवायला दिलेत."

मग त्यांना मोतीबिंदूसाठी कैरोला जावं लागलं. बाकी सगळं चित्र झालं होतं, फक्त यहूदाचं तोंड राहिलं होतं. "एकच डोळा काढायचाय," जाताना म्हणाले, "दुष्ट माणूस आपण बाजूनेच दाखवतो. एवढं तुला जमेल." जमलं, वीसा. फार छान जमलं. आयुष्यात इतका हुबेहूब चेहरा मी काढला नव्हता. कपाळ तुझं, कानामागचा तीळ तुझा, आणि ते वाकडं नाक तर आंधळ्यालाही ओळखू यावं. शनिवारी पाटी चर्चमध्ये बसवली, तेव्हा उस्ताद एका डोळ्यावर पट्टी बांधून आले होते. "आता मी आणि यहूदा सारखेच," असं म्हणून सगळ्यांना हसवलं, आणि जाता जाता मेणबत्त्यांची मोठी घोडी सरकवून नेमकी त्या कोपऱ्यापुढे उभी केली. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. रविवारी झावळ्या घेऊन सगळं गाव आलं, तूही आलास, आणि यहूदाचं तोंड कुणालाच दिसलं नाही. मी मेणबत्त्यांवर चरफडत घरी गेलो. उद्या मिरवणुकीला जागा करायला ती घोडी हलवावीच लागते.

आता कालची पाटी. नाताळात लबीबकाकांनी घरासाठी संत वेरीना मागवली होती, घडा आणि कंगवा घेतलेली. ती मी एकट्याने केली होती, उस्तादांना तेव्हा धड दिसत नव्हतं. लबीबकाकांनी ती आता परत पाठवली. निरोप असा, की हे घरात ठेवण्यासारखं चित्र नाही. मी पाहिली, आणि पाहतच राहिलो. मागची जागा नुसती सपाट सोनेरी ठेवायची असते. मी तिथे, संतिणीच्या खांद्यामागे, नकळत कबुतरांचा मनोरा काढला होता. कबुतरं बसायची तिसरी काठी मोडलेली. खुंटीला पालथं घातलेलं निळं तसराळं, ज्यात इरीनी दाणे आणायची. आणि डोळे, वीसा, डोळे तिचेच! माझ्या हाताने मी तिच्या बापाच्या भिंतीवर आमची भेटायची जागा टांगली होती. मनोऱ्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटलाय. त्या माणसाने बोट ठेवून पाहिलं असणार.

मी म्हटलं, उस्ताद, म्हणजे वीसाने... तर म्हणाले, "वीसा खरंच पंखाच बघायला गेला होता, स्वयंपाकघरातला, धूर ओढणारा. दिवाणखान्यात त्याला ही दिसली होती. लबीबने तुला दम दिल्याचं ऐकलं, तसा धावत माझ्याकडे आला. म्हणाला, उस्ताद, त्याला सांगू नका. आपल्याच चित्राने घात केला हे कळलं, तर कॉलेज सोडलं तसा ब्रशही सोडेल." म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. तीन महिने. मी तुला भर बाजारात यहूदा म्हणत होतो, तेव्हाही तुला माहीत होतं! उस्ताद रोज दुपारी माझ्यापुढे बाकल्याच्या दाण्यांचं कालवण सरकवत होते, रोटी मोडून हातात देत होते, तेव्हाही. आणि ती मेणबत्त्यांची घोडी. एका डोळ्याने का होईना, त्यांनी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "चार लोकांत मी तुझं नाव घ्यायचं होतं का?"

रात्रभर तुझा रागच येत होता, वीसा. कॉफीखान्यात एक वाक्य बोलला असतास तर काय बिघडलं असतं? की मला असं खाली मान घालायला लावण्यातच तुला मजा होती? मग तुझं नाक आठवलं. नऊ वर्षांचे होतो आपण. दगड मी मारला होता, आणि तू आईला सांगितलंस, गाढवाच्या गाडीवरून पडलो. तेव्हाही शपथ नाही, शिवी नाही. त्याच नाकावरून मी तुला भिंतीवर चढवलं. त्या लहान तोंडाच्या माणसाबद्दल माझा संशय अजून पुरता फिटलेला नाही. पण डाव एवढा लांब कुणी खेळत नाही, एवढं मला कळलं.

आज बुधवार. यहूदाच्या त्या चुंबनाची आठवण म्हणून ईस्टरपर्यंत आपल्यात कुणी कुणाला गळामिठी देत नाही, हातही देत नाही. यायचं तर नुसतं येऊन तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही, म्हणून हा कागद. दुपारच्या प्रार्थनेआधी चर्च तासभर रिकामं असतं. खिशात खरवडायचं पातं आहे. उस्तादांना विचारलं, तुमचं चित्र बिघडेल. म्हणाले, "बिघडलेलं आहेच." दुसरा चेहरा मी काढणार नाही, माझासुद्धा नाही. उद्या तू गात येशील, तेव्हा त्या जागी कोरं लाकूड असेल. लोक विचारतील, यहूदा कुठे गेला? मी चर्चच्या दाराशी उभा असेन. गचांडी धरताना जेवढा आवाज होता, तेवढ्याच आवाजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, की तोंड वीसाचं होतं आणि पाप माझं. तू नेहमीसारखं गप्प राहून मला वाचवू नकोस, एवढंच मागायला लिहिलं. हा कागद तुझ्या आईच्या हातात देऊन पुढे जातो. तिच्या गल्लीत आधी मीच जायला हवं. उस्ताद आत झोपलेत. दार हळूच ओढून घेतो.

तुझाच, तू अजून आपला मानलंस तर,
कीरोलोस