अठ्ठ्याहत्तर आकडी किल्ली

३ मार्च
आईचे रिटायरमेंटचे सगळे पैसे आज माझ्या क्रिप्टो वॉलेटमध्ये आले. बँकेपेक्षा हे सुरक्षित, हे तिला मीच पटवलं. दादाने जेवताना विचारलं, किल्ली कोणी ओळखली तर? मी सांगितलं, किल्ली म्हणजे अठ्ठ्याहत्तर आकडी संख्या. जगातले सगळे कॉम्प्युटर जन्मभर अंदाज बांधत बसले तरी लागणार नाही. तो म्हणाला, बरं, मीठ दे इकडे.
घाबरायचं काही कारण नाही.

५ मार्च
ऑफिसात शेजारी बसणारी टेस्टर म्हणाली, तिच्या दिराचं वॉलेट कोणीतरी साफ केलं. दीर निष्काळजी असणार. तरी मीटिंगमध्ये टेबलाखाली बॅलन्स पाहत होते.
घाबरायचं काही कारण नाही.

६ मार्च
भीतीवर उपाय म्हणजे प्रयोग. प्रोग्रॅम लिहिला: मनाला येईल ती संख्या घ्यायची, तिने माझं वॉलेट उघडतं का पाहायचं. सेकंदाला लाखो किल्ल्या. सापडली नाही की मी निश्चिंत.
सापडली तर काय, हा विचार प्रोग्रॅम सुरू केल्यावर आला.

७ मार्च, सकाळी
नाही सापडली. म्हणजे, अजून नाही. वहिनीने विचारलं, लॅपटॉप एवढा का धापा टाकतोय? म्हटलं, काम करतोय. ती म्हणाली, चला, घरात कोणीतरी करतंय.

९ मार्च
ऑफिसातून आले तर प्रोग्रॅम बंद. सापडली असणार. स्क्रीनकडे बघवेना, दादाला बघायला लावलं. वहिनीने इस्त्रीसाठी चार्जर काढला होता.
घाबरायचं काही कारण नाही.

१० मार्च
दादाने कुठेतरी वाचलं: चोर संख्या शोधत बसतच नाहीत. लोक सोय म्हणून एखाद्या वाक्यावरून किल्ली बनवतात, चोर ती वाक्यं टाकून बघतात. मला हसू आलं. लोक गाण्याच्या ओळी घेतात. माझीही किल्ली वाक्यावरूनच बनवलेली आहे, कारण किल्ली लिहून ठेवलेला कागद हरवतो; पण ते वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही आणि मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. रात्री जेवताना जाहीर केलं: घरातल्या कोणीही उद्यापर्यंत वॉलेट उघडून दाखवावं, पैसे परत बँकेत टाकते.
घाबरायचं काही कारण नाही.

११ मार्च
आईने चष्मा लावला, लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं. वॉलेट उघडलं. पहिल्या फटक्यात.
कसं, असं विचारलं. म्हणाली, अगं, दिवसभर तू दुसरं बोलतेस काय? परवा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानाही तेच म्हणत होतीस. दादा म्हणाला, मलाही माहीत होतं, पण म्हटलं आधी मोठ्यांना संधी द्यावी.
पैसे जागेवर होते. ते बँकेत जाईपर्यंत मी दर मिनिटाला बॅलन्स पाहत होते. बँकेचा पासवर्ड आईने स्वतः ठेवला. काय ठेवला ते सांगत नाही.
नेहमीचं शेवटचं वाक्य लिहायला घेतलं. दोन शब्द झाल्यावर मागे वळून पाहिलं, आणि खोडलं.