जुनं म्हणजे तुम्ही नव्हतात, आत्या

प्रिय आत्या,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे माहीत असूनही लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुमच्याबद्दल बोलले. तुमचे भाऊ बोलले, गल्लीतल्या बाया बोलल्या, तुमचा लेक तर बोलता बोलता रडला. मी, तुमची सून, तेवढी गप्प बसले होते. आज मात्र बोलल्याशिवाय मला जमायचं नाही. तुमच्या नातीनं, समूनं, मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं मूळ तुमच्यापाशी आहे.

या आठवड्यात मला सर्दी झाली. नाक गळत होतं, घसा धरला होता. समूच्या छातीला दुसऱ्याची सर्दी लगेच बाधते, म्हणून मी माझं अंथरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत टाकलं. तुम्ही झोपायच्या त्याच जागी. समू उंबऱ्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, तू पण जुनी झालीस?"

मला हसू आलं. म्हटलं, "जुनी म्हणजे गं?"

"आजी म्हणायची ना, मी जुनी झाले म्हणून बाहेर झोपते. जुनं लेकरापाशी ठेवायचं नसतं. डॉक्टरीणबाई म्हणली."

आत्या! हातातली उशी हातातच राहिली माझ्या.

मग मला तो दिवस आठवला. समूला पहिल्यांदा एवढं जोरात घरघरायला लागलं होतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तुम्ही तिला पदराखाली घेऊन रिक्षात बसलात आणि चिकलठाण्यापासून औरंगपुऱ्यापर्यंत रिक्षावाल्याला शिव्या घालत आलात. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची छाती तपासली, श्वासाच्या औषधाचा पंप कसा द्यायचा ते दाखवलं. घरात कोण कुठं झोपतं, काय अंथरता, काय पांघरता, सगळं विचारलं. मी सांगितलं, आत एकाच खोलीत सगळे ओळीनं झोपतो. भिंतीकडे हे, मग मी, मग समू, आणि दाराकडून आत्या. समू आजीच्या वाकळीत शिरल्याशिवाय झोपत नाही.

बाई म्हणाल्या, "धूर बंद करा. धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल, काही नको. आणि जुनं काही लेकराजवळ ठेवू नका."

तेवढ्यात पंपाचं तोंडावरचं ते प्लास्टिक बघून समूनं भोकाड पसरलं. तुम्ही तिला कडेवर घेऊन बाहेर गेलात, रस्त्यावरच्या गाड्या दाखवायला. आणि बाईंचं बोलणं तुमच्या माघारी पूर्ण झालं. "जुन्या गोधड्या, वाकळा, कापसाच्या उशा, त्यात धूळ बसते. ठेवायच्याच असतील तर गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका, वर सुती खोळ घाला."

अर्धंच ऐकलंत तुम्ही! आणि त्या अर्ध्याचा अर्थ काय लावलात!

भाजीवाल्याशी एका किडक्या वांग्यासाठी गल्ली गोळा करणाऱ्या तुम्ही. माझ्या माहेरच्यांना लग्नात "वरण पातळ हाय" असं तोंडावर सुनावणाऱ्या तुम्ही. "बाई, जुनं म्हंजी काय वो?" एवढं विचारायला तुमची जीभ नेमकी तेव्हाच का अडली?

आधी तुम्ही माझ्याशी कशा भांडायच्या, आठवतं? समू तान्ही असताना तिची अंघोळ झाली की शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी द्यायच्या. खोलीभर धूर. मी खिडकी उघडली की तुम्ही लावायच्या. "माझी चार लेकरं धुरीवर वाढली. तुझं पुस्तक राहू दे तिकडं!" मी वैतागून माहेरी फोन करायचे. आणि दवाखान्यातून आल्यावर त्याच तुम्ही शेगडी उचललीत आणि भंगारवाल्याला देऊन टाकलीत. कॉइलचं पाकीट नालीत फेकलंत. मी मनात म्हटलं, चला, डॉक्टरीणबाईनं आत्याला जिंकलं!

त्याच संध्याकाळी तुम्ही तुमची वाकळ गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेलीत.

"आत लई कोंडतंय मला. हितं वारं हाय. गुडघे दुखत्यात, संडासला जवळ पडतंय," म्हणालात. एकदम तीन कारणं! तुम्ही कधी एकाहून जास्त कारण सांगायच्या नाहीत, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला ते पटलं. वाकळ खोलीबाहेर गेली, धूळ बाहेर गेली, आत्याला वारा मिळाला, सगळ्यांचं भलं झालं, असंच वाटलं आम्हा दोघांना.

समू रडायची. तुम्ही तिला उंबऱ्यावर मांडीवर घ्यायच्या, तुमच्या त्या खोडकर शेळीची गोष्ट सांगायच्या. ती झोपली की मला हाक मारायच्या, "ने गं आत." स्वतः उंबरा ओलांडायच्या नाहीत. आणि तिला घ्यायच्या आधी साबणानं हात धुवायच्या, तोंड धुवायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या. मला वाटायचं, कोरोनानं आत्याला स्वच्छता शिकवली. शेजारच्या काकूंनाही मी कौतुकानं सांगितलं होतं.

आज कळतंय, तुम्ही स्वतःला धूळ समजत होतात.

खोकला आला की तोंडात पदर कोंबायच्या. तो खोकला कुठून आला होता तुम्हाला? जन्मभर चुलीपुढं फुंकणी फुंकून. कापसाच्या ओल्या पळाट्यांचा धूर गिळून चार लेकरांना भाकरी घातलीत, आणि शेवटी त्याच छातीची तुम्हाला लाज वाटली? कुणासमोर? पाच वर्षांच्या नातीसमोर? आत्या, मला तुमचा फार राग येतोय. इतका राग तुम्ही समोर होतात तेव्हाही कधी आला नाही.

सकाळी चहाला उकळी फुटली की तुम्ही बाहेरून विचारायच्या, "झाला का?" गेल्या थंडीत एका सकाळी तसं कुणी विचारलं नाही. मी कप घेऊन आले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात, वाकळ हनुवटीपर्यंत ओढलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. मला फक्त एवढंच दिसतं, की आत आम्ही तिघं एकमेकांना चिकटून झोपलो होतो आणि दाराकडची तुमची जागा रिकामी होती.

त्या रिकाम्या जागेत अजूनही कुणी झोपत नाही. समू लोळत लोळत तिथवर जाते आणि झोपेतच परत येते.

तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, सांगू? तिला जवळ न घेता, लांबूनच सांगितलं, "मी जुनी नाही झाले, मला सर्दी झालीय. बरी झाले की येईन आत."

ती म्हणाली, "आजी नाही आली परत."

मग मी माळ्यावरून तुमची वाकळ काढली. तुम्ही गेल्यावर पिशवीत बांधून ठेवली होती, कुणाला द्यायला मन झालं नव्हतं. तुमच्या आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, ह्यांच्या शाळेचा खाकी शर्ट, समूचं पहिलं झबलं, सगळं तुमच्या टाक्यांत होतं. नाकातोंडाला रुमाल बांधून मी ती उकळत्या पाण्यात घातली. पाणी काळं निघालं. पुन्हा घातली. समूला ह्यांच्याबरोबर लांब उभं केलं होतं. तिनं विचारलं, "हे काय करतेस?" म्हटलं, "डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या होत्या. आजीला ऐकूच गेलं नाही." समू गच्चीवर ऊन बघायला पळाली.

गुलमंडीच्या बाजारातून ह्यांनी सुती खोळ आणली, पांढरी. तुम्हाला आवडली नसती. "पांढरं लगीच मळतंय," म्हणाला असतात.

आज माझी सर्दी उतरली. संध्याकाळी समू बाहेरच्या खोलीत आली, माझ्या कपाळाला हात लावला, अगदी तुमच्यासारखा पालथा. "बरी झालीस?" म्हटलं, "व्हय, झाले." तिनं माझ्या अंथरुणाचं टोक धरलं आणि ओढत ओढत आत नेलं. मी मागोमाग गेले. ती मात्र पुन्हा बाहेर पळाली आणि तुमची वाकळ दोन्ही हातांनी छातीशी धरून, तोल सांभाळत उंबऱ्यात आली.

"आई, ही पण बरी झाली. हिला पण आत घे."

घेतली, आत्या. दाराकडून, तुमच्या जागी अंथरली. आता ती समूच्या शेजारी आहे आणि समूचा श्वास सरळ चालू आहे. मी मघापासून तोच ऐकत बसले आहे.

आता तुम्हाला शब्द देते. समूच्या छातीसाठी कुणाला लांब झोपावं लागलं, तर का ते त्याला नीट, पूर्ण सांगेन. आणि तो माणूस स्वतःहून परत आला नाही, तर अंथरुणाचं टोक धरून मीच त्याला आत आणेन. तुम्हाला आणायचं राहिलं. तुम्हीच एकदा हाक मारायची होती हो, "ने गं आत."

तुमची सून,
समूची आई, रेखा