चौथा दगड

६ जानेवारी २००८, रविवार
ठरलं. पुढच्या महिन्यात कारवारची शर्यत, हुबळीहून आम्ही तिघी मैत्रिणी. लिहून ठेवते, नाही तर उद्या मंजू म्हणेल असं ठरलंच नव्हतं. गिरिजा समुद्रात पोहणार, मंजू सायकल मारणार, शेवटचे एकवीस किलोमीटर मी पळणार. एकीच्या मनगटावरची पट्टी दुसरीनं बांधून घ्यायची आणि सुटायचं. काही वेडे तिन्ही एकटेच करतात म्हणे. करोत बापडे.

गि.ला काळजी नाही. कलघटगीला माहेरच्या मळ्यात, विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेली. समुद्राची भीती नाही वाटत का म्हटलं, तर म्हणाली, "नीरंद्र नीर, सुमे. पाणी ते पाणी."

यांना सांगितलं. पेपर खाली न घेता "हं" म्हणाले. वकिलाचं हं म्हणजे हो की नाही, हे अजून मला कळलेलं नाही. मी हो धरलं.

१५ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. संध्याकाळी मं.कडे हळदीकुंकू. घरचं एवढं कापडाचं दुकान, आणि वाण काय, तर प्लास्टिकची चाळणी! सासूबाईंनी घरी आल्यावर ती उजेडाकडे धरून बघितली आणि फळीवर ठेवली.

एक उंच मुलगी ट्रॅकपँटमध्ये दारातूनच तिळगूळ घेऊन गेली. आत ये म्हटलं तरी येईना. मं. म्हणाली, भाचीची मैत्रीण, होस्टेलवर असते.

पाय दुखतायत. पण दुखणं चांगलं वाटतंय. कॉलेजात धारवाडला शेवटची शर्यत धावले, त्यानंतर माझ्या नावाची म्हणून ही पहिलीच गोष्ट. बाकी सगळं शाळेचं, घरचं, मुलांचं.

२० जानेवारी, रविवार
नको ते झालं. धारवाड रोडला उणकलच्या पुढं गेल्यावर डोळ्यांपुढं अंधारी. मोरीच्या कट्ट्यावर बसले, तिथंच आडवी झाले. गि.नं पाणी मारलं. मं. सायकलवर पुढं गेली होती ती परत आली, रिक्षा बघितली.

कालचा शनिवारचा उपास. वाटीभर साबुदाणा आणि त्यावर आज सकाळी एवढं पळणं. दुसरं काय होणार?

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "रक्त कमी नाही, अक्कल कमी आहे बाई. पळायचं तर जेवा. नाही तर देवळात बसा." पळायला हरकत नाही म्हणाले. दोघींच्या समोर म्हणाले.

गावातल्या स्वामींच्या मठाच्या दिशेला हात करायला लावून दोघींना शपथ घातली, घरी कळता कामा नये. यांना कळलं की कारवार संपलं. मं. म्हणाली, "वेडी का तू? आम्ही कशाला सांगू?" गि.नं नुसता माझा हात दाबला.

२६ जानेवारी, शनिवार
झेंडावंदन. मग स्टाफरूममध्ये दार लोटून शिरा आणि दोन चपात्या खाल्ल्या. घरी सांगितलं, उपास आहे. मारुतीराया बघून घेईल.

३ फेब्रुवारी, रविवार
आज पूर्ण अंतर पळले. न थांबता! शेवटी उणकलच्या तळ्यापाशी ओरडलेच मी, एक म्हातारे गृहस्थ दचकून बाजूला झाले. गि. म्हणाली, "हुडगी झालीस की गं परत, कॉलेजातली पोर." तिनं घरून ताकाची बाटली आणली होती, तिघींनी एकाच बाटलीनं प्यायलं.

मं. घड्याळ बघत होती. विचारलं तर म्हणाली, "छान आहे गं. थोडं अजून जोरात जमलं तर बघ." बेळगावची ती टोळी गेल्या वर्षी पहिली आली होती, त्यांचा मं.ला फार राग. त्यातली एक तिची चुलत जाऊ.

मला पहिलं यायचं नाही. मला ती पट्टी बांधून पळायचंय, बस्स.

९ फेब्रुवारी, शनिवार. कारवार
निघताना सा.बा. आडव्या आल्या. "तिघींनी मिळून निघायचं नाही." मला वाटलं आता मोडता घालतात. पण नाही. तुळशीपाशी गेल्या, बुंध्यातला एक गुळगुळीत दगड काढला, पदरानं पुसला आणि माझ्या पिशवीत घातला. "हा चौथा. आता जा. येताना परत आणायचा, तो तुळशीचा आहे." मं. हसून हसून बेजार. गि. नाही हसली. गि.ची आईपण असंच करते.

मं.ची व्हॅन, टपावर सायकल. यल्लापूरला इडली. अरबैल घाटात गि.ला उलटी. मग समुद्र दिसला.

धर्मशाळेत उतरलोय. त्या दोघी नाव नोंदवायला गेल्या. मी पण येते म्हटलं तर मं. म्हणाली, "तू पाय वर करून पड. उद्या तुझंच काम शेवटचं." किती काळजी करते, असं वाटलं मला. आल्यावर माझा छातीवरचा नंबर मागितला तर म्हणाली सामानात आहे, उद्या पट्टी बदलतो तिथं देते. गि. आल्या आल्या डोकं दुखतं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपली.

समुद्राचा आवाज येतोय. उद्या मी पळणार.

१० फेब्रुवारी, रविवार
पळले नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार
काल लिहवेना. आज लिहिते. शाळेला रजा टाकली आहे.

गि. पाण्यातून फार छान आली. तिसरी की चौथी. तिनं मं.ला पट्टी बांधली, मं. सुटली. मग मी पट्टी बदलण्याच्या जागेवर जाऊन उभी राहिले, बूट बांधून. हातात तो दगड. का कोण जाणे, पिशवीतून काढून मुठीत धरला होता.

शेजारी एक उंच मुलगी. छातीवर नंबर लावलेला. कुठं तरी बघितल्यासारखी वाटली, आठवेना. रूपा नाव, हुबळीचीच निघाली, विद्यानगरला होस्टेलवर. मला बरं वाटलं, आपल्या गावची भेटली. ऊन चढत होतं आणि तिच्या डोक्याला काही नव्हतं. मी माझी टोपी तिला दिली! माझ्याकडे रुमाल होता. वर तिला ऐकीव शहाणपण शिकवलं, वाटेतल्या पुलावर चढ आहे, तिथं जीव काढू नको, परतताना वारा अंगावर येतो. लिंबू-मिठाचं पाणी दिलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत "हौद्री अक्का, हौद्री", हो हो, म्हणत होती. म्हणाली, "तुम्ही टीमबरोबर आलाय ना, मंजूअक्का म्हणाल्या होत्या, एक मैत्रीण सोबत येणारे म्हणून."

मला तेव्हाही कळलं नाही. इतकी मी बावळट.

मं. सायकलवरून आली, लाल झालेली. मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी सोडली आणि रूपाच्या मनगटाला बांधली. आणि ती गेली, माझी टोपी घालून.

माझा हात तसाच पुढं होता. किती वेळ, माहीत नाही. बाजूचा स्वयंसेवक म्हणाला, "बाई, जरा मागं सरका."

मं. धापा टाकत म्हणाली, "रागावू नको. तुझ्या यांचा फोन आला होता मला. चक्करचं कळलंय त्यांना. म्हणाले, काही झालं तर तुम्ही जबाबदार. मी काय करू सांग?"

"मग मला काल का नाही सांगितलंस?"

"तुला झोप नसती लागली."

माझ्या झोपेची काळजी! तो दगड तिच्या डोक्यात घालावा, असं आलं मनात. खरंच आलं. लिहून ठेवते.

गि. ओला टॉवेल गुंडाळून लांब उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं वाळूकडे.

दुसरा नंबर आला. बेळगाववाल्या तिसऱ्या. मं. नाचली. फोटोत ये म्हणाली. मी काढला फोटो. तिघींचा, मीच काढला.

परत येताना व्हॅनमध्ये चौघी. मी मागं, सायकलच्या काढून ठेवलेल्या चाकापाशी. मं. एकटीच बोलत होती.

सा.बा. दारात. व्हॅनमध्ये डोकावल्या. "चौघी होतात होय गं? मग दगडाचं काय काम होतं?" त्यांना काही माहीत नाही. मी दगड त्यांच्या हातात दिला आणि न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

१३ फेब्रुवारी, बुधवार
यांना विचारलं. सरळ विचारलं, चहा द्यायच्या आधी.

फोन केला होता, कबूल. "मी फक्त म्हटलं तिला सांभाळा. पळू देऊ नका असं म्हटलेलं नाही. शब्द माझे मला आठवतात."

"चक्करचं कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही."

"मला आहे."

"सुमन, चांगल्यासाठीच सांगितलं ज्यानं सांगितलं त्यानं."

पेपर उघडला. साक्षीदाराचं नाव काही देणार नाहीत. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं, हे यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चक्कर तेवढी पोचवली, डॉक्टर वगळले. माहीत दोघींनाच. दोघींपैकी एक.

मं. असेल तर मला राग येईल. गि. असेल तर काय करू?

१७ फेब्रुवारी, रविवार
पहाटे फाटकाबाहेर मं.च्या सायकलची घंटा. नेहमीची, दोनदा. मी उठले नाही. सा.बा. जाऊन "तिला बरं नाही" सांगून आल्या. मला काही विचारलं नाही. नंतर कढत कॉफी आणून ठेवली.

मं.च्या दुकानात गल्ल्यामागं दुसऱ्या नंबराचा कप मांडलाय म्हणे. शाळेतल्या बाई बघून आल्या. "तुमच्या मैत्रिणींनी नाव काढलं हुबळीचं," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
रूपा आली होती. टोपी धुऊन, इस्त्री करून. टोपीला इस्त्री! कॉफी दिली. पोरगी खुर्चीच्या टोकावर बसली.

"अक्का, ननग गोत्तिरलिल्ल. मला खरंच माहीत नव्हतं तुम्हीच पळणार होतात. व्हॅनमध्ये गिरिजाअक्का रडत होत्या तेव्हा कळलं."

गि. रडत होती? मी मागं होते. मला दिसलं नाही.

मी म्हटलं, तुझा काय दोष, ऐन वेळी बोलावलं तुला.

"ऐन वेळी नाही अक्का. संक्रांतीलाच ठरलं होतं. मंजूअक्कांच्या घरी तिळगूळ घ्यायला आले होते ना, तेव्हाच त्या म्हणाल्या, तयारीत राहा."

तिळगूळ. ट्रॅकपँट. भाचीची मैत्रीण.

मला चक्कर आली ती त्यानंतरच्या रविवारी. म्हणजे चक्कर यायच्या आधीच माझी जागा गेली होती. चक्कर तिला आयती मिळाली. मी शपथ घालत होते, ती हात उचलत होती, "वेडी का तू" म्हणत होती. ताक पीत होती आमच्याबरोबर. हलकट! हलकट बाई! शाळेच्या पोरांना मी हा शब्द बोलू देत नाही.

रूपा घाबरली. तिला दोन लाडू बांधून दिले. पळते चांगली. पुलावर जीव काढला नाहीस ना विचारलं, म्हणाली, "नाही अक्का, तुम्ही सांगितलं तसंच."

२४ फेब्रुवारी, रविवार
गि. एकटी आली, चालत, मागच्या दारानं. ओट्यापाशी उभी राहिली, जशी नेहमी राहते. शेंगा निवडायच्या होत्या, न विचारता हातात घेतल्या.

म्हणाली, तिला शनिवारी कारवारलाच कळलं, नोंदणीच्या टेबलापाशी. भांडली म्हणे मं.शी. "मग मला उठवून सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "धैर्य आगलिल्ल. धीरच झाला नाही. आणि सांगून काय, नाव तर लागलं होतं."

"आणि यांना कोणी सांगितलं?"

शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "मला भीती वाटली होती गं. त्या दिवशी मोरीवर तू पांढरी पडली होतीस. मी कोणाला तरी..." आणि पुढं बोललीच नाही. सा.बा. आत आल्या म्हणून की तिला बोलायचंच नव्हतं म्हणून, कळलं नाही.

कोणाला तरी म्हणजे कोणाला? यांना? की मं.ला, आणि मं.नं यांना?

जाताना म्हणाली, "येत्या रविवारी ये. मं.साठी नको. माझ्यासाठी ये."

तिनं निवडलेल्या शेंगा मी वेगळ्या नाही ठेवल्या, सगळ्याच फोडणीला टाकल्या. हिच्याशिवाय मला कोण आहे या गावात?

२ मार्च, रविवार
घंटा वाजली, नेहमीची, दोनदा.

मी आधीच जागी होते. न ठरवता कपाटातून बूट काढून बसले होते पलंगाच्या कडेला. एक पायात, एक हातात. हे घोरतायत, किंवा तसं दाखवतायत.

खिडकीतून बघितलं. मं. सायकलवर, एक पाय खाली टेकून. गि. फाटकाला टेकून, घराकडेच बघत. तिच्यामागं रूपा, उड्या मारून अंग गरम करत. मं.नं हात वर केला, काही झालंच नाही असा. मी मागं सरले.

सा.बा. दिवा लावायला उठल्या होत्या. त्या बाहेर डोकावून आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात तुळशीतला दगड, पदरानं पुसत.

"तिघीच आहेत बाहेर," म्हणाल्या. "तू जातेस, की हा देऊ त्यांना?"