कप्तान उतरेल तो शनिवार

मी, अज्वोआ सेरवा न्यांताची, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा अंतराळाचे सिनेमे काढणे, राहणार बंतामा, कुमासी, आज भरल्या पोटी आणि पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकदपटशाला बळी न पडता हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमचे कुलप्रमुख बोआदूमामा यांना त्याबद्दल शंका आहे, पण ती माझा पहिला सिनेमा पाहिल्यापासूनच आहे.

१. कॅमेरे, दिवे, संगणक आणि माझ्या सगळ्या सिनेमांचे हक्क माझे पश्चात माझी भाची आफ्रिये हिला मिळावेत. मला मूलबाळ नाही आणि आमच्यात वारसा आईच्या कुळातून चालतो, तेव्हा कुरकुर करायला कोणाला जागा नाही. माय मरो मावशी जगो म्हणतात, तसंच झालं. थोरली बहीण लवकर गेली आणि पोर माझ्या पदरात आली. तिला मी जेवणातल्या फुफूसाठी धड कंद कुटायला शिकवलं नाही. पण साबणाचा फेस आणि निळी शाई कालवून परक्या ग्रहावरचा समुद्र कसा करायचा, ते ती माझ्याहून चांगलं करते.

२. तीन डोक्यांचा राक्षस पोस्टर रंगवणाऱ्या असिरिफीला द्यावा. पिठाच्या पोत्यांवर पोस्टर रंगवताना या माणसाने एकदा मनानेच तीन डोक्यांचा राक्षस काढला. सिनेमात राक्षस नव्हताच. प्रेक्षकांनी बाकं आपटली. मी जाब विचारायला गेले, तर म्हणतो, "बाई, तुमचा सिनेमा मी पाहिलाय कुठे? पण लोक आले की नाही?" पुढच्या सिनेमात मला झक मारत तीन डोकी करावी लागली, आणि मेला तोच सिनेमा सगळ्यांत जास्त चालला. राक्षस असिरिफीने स्वतःच्या बैठकीत ठेवावा. त्याची बायको पुढचं पाहून घेईल.

३. अंगणातलं यान. जुन्या मिनीबसच्या सांगाड्यावर छपराचे पत्रे ठोकून ते केलेलं आहे. माझा शेवटचा सिनेमा पुरा होईपर्यंत कोणीही ते भंगारात घालू नये. तीनशे वर्षांनी कप्तान आकाशातून कुमासीला परततो, एवढाच प्रसंग राहिला आहे. तो नऊ वर्षांपूर्वीच व्हायचा. क्रेन लागली होती, यान वर गेलं होतं, आणि आत बसलेल्या कप्तानाने, म्हणजे क्वासी फोसुहेने याने, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अज्वोआ, ही गर्दी आहे? तीनशे वर्षांनी माणूस घरी येतोय आणि खाली चाळीस टाळकी? त्यातली निम्मी तर तुझ्याच गल्लीतली!"

"मग हजार माणसं काय तुझे काका आणणार? त्यांना जेवू कोण घालणार?"

"ते तू बघ. मी उतरत नाही."

"नको उतरूस! बस वरच!"

शेवटी तो मागच्या शिडीने उतरला आणि तडक घरी गेला. माझ्या प्रत्येक सिनेमात कप्तान झालेला माणूस! तेव्हापासून तो चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतो आणि मान वळवत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

४. माझा अंत्यविधी. गेल्या वर्षी शेजारच्या म्हातारबाबांच्या अंत्यविधीला मंडपात बसले होते. जिकडे पाहावं तिकडे लाल-काळी वस्त्रं, ढोल, बँड, आणि माणसांचा नुसता महापूर. आमच्या कुमासीत जिवंतपणी चाळीस माणसं जमवताना नाकी नऊ येतात. मेल्यावर हजार येतात, तीही एकसारख्या कापडात, स्वखर्चाने, रडायच्या तयारीने! तिथेच मला माझी गर्दी सापडली.

तरी माझा अंत्यविधी रीतीप्रमाणे शनिवारी करावा, मला माझ्या सिनेमातल्या तारकाराणीचा रुपेरी पोशाख घालावा आणि ऐन गर्दीत यान उतरवून राहिलेला प्रसंग चित्रित करावा. मामा म्हणाले, "मयताचं शूटिंग सगळेच करतात गं, पण मंडपात क्रेन?" देहावर हक्क कुळाचा, हे मला मान्य आहे. पण घर माझं आहे. क्रेन आली तर घर कुळाला. नाही आली तर घर समोरच्या चर्चला, त्यांच्या आठही भोंग्यांसकट. मामांनी विचार करावा.

५. क्वासी फोसुहेने याला काहीही देऊ नये. मात्र कप्तानाचा पोशाख दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढता कामा नये; तो आला नाही तर सिनेमा तसाच राहील, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल, हे इथे स्पष्ट लिहिते. त्याला कॅमेऱ्यासमोर कधी रडता आलं नाही. आम्ही डोळ्यांखाली मलम चोळायचो. या वेळी चोळू नये. तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला की कोणीही 'कट' म्हणू नये.

६. साक्षीदार म्हणून यायचे ते सुतार तापाने पडले आहेत. आफ्रियेने मला न विचारता क्वासीला बोलावून आणलं आहे. "मावशी, त्याला तू काही ठेवलंच नाहीस, म्हणजे कायद्याने तो चालतो," म्हणते. पोरगी वकील व्हायची. साक्षीदाराने फक्त सही करायची असते, पण हा चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचत बसला आहे.

सही: अज्वोआ सेरवा न्यांताची
बंतामा, कुमासी. मंगळवार, ६ ऑगस्ट २०१९

साक्षीदार:

१. एस्थर ट्विमासी, शिवणकाम. बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. त्या रडत नव्हत्या, असं लिहायला त्यांनी मला सांगितलं आहे.

२. क्वासी फोसुहेने, नट. सगळं वाचलं. हजार माणसं नकोत. कॅमेऱ्यामागे तू उभी असशील तर चाळीस पुरेत. येत्या शनिवारी मी मोकळा आहे.